स्ट्रॉबेरीची पेटी कुठल्या टेंपोत चढवायची?

पाचगणीला सहलीला गेलं की सगळे काय करतात? टेबल लँडवर घोड्यावर बसतात, मक्याचं कणीस खातात आणि परतताना स्ट्रॉबेरीचा एक डबा घेऊन गाडीत बसतात. पसरणीचा घाट उतरून वाई येईपर्यंत डबा रिकामा!

पण पाचगणी-महाबळेश्वरची सगळी स्ट्रॉबेरी काही अशी वाटेतच फस्त होत नाही. तिला पुण्याच्या गुलटेकडीला जायचं असतं, नवी मुंबईत वाशीच्या मार्केटला जायचं असतं. आता कुठल्या शेतातली पेटी कुठल्या शहराला पाठवायची, हा काय प्रश्न झाला? असं वाटतं खरं. पण दोस्तांनो, याच प्रश्नावर गेली दोनशे वर्षं मोठमोठ्या गणितज्ञांनी डोकं खाजवलं आहे, आणि त्यातल्या दोघांना पुढे नोबेल पारितोषिकही मिळालं.

आधी स्ट्रॉबेरीचा स्वभाव समजून घ्या. आंबा कसा, झाडावरून उतरवला आणि अढीत घातला की पिकतो. स्ट्रॉबेरीला ते जमत नाही. एकदा तोडली की ती आणखी पिकत नाही, गोडही होत नाही, फक्त मऊ पडत जाते. म्हणून पहाटेच्या थंडीत, बोटं गारठलेली असताना, माणसं गादीवाफ्यांमध्ये वाकून पिकलेली फळं तोडतात. ती छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत भरतात, डबे पुठ्ठ्याच्या पेटीत बसवतात आणि पेट्या टेंपोची वाट बघत बसतात. उद्या बघू, असं म्हणायची सोय नाही. भाडं जास्त पडलं तर ते शेतकऱ्याच्याच खिशातून जातं.

आता कागद-पेन्सिल घ्या. आपण एक हिशेब मांडू. आकडे माझे आहेत, सोपे जावेत म्हणून घेतलेले.

समजा, पाचगणीला एक काका आहेत. आज त्यांच्याकडे ६० पेट्या निघाल्या. महाबळेश्वरच्या बाजूला मेटगुताड गावात एक मावशी आहेत. त्यांच्या ४० पेट्या. एकूण १००. पुण्याच्या व्यापाऱ्याला ५० हव्यात, मुंबईच्या व्यापाऱ्याला ५०. पुण्याचा टेंपो मेटगुताडपासूनच पेट्या गोळा करत येतो. पण मुंबईचा मोठा टेंपो पाचगणीलाच भरतो, त्यामुळे मावशींना तिथवर वेगळी जीप करावी लागते. वर पेट्या दोनदा चढवायच्या, दोनदा उतरवायच्या. म्हणून एका पेटीचं भाडं असं पडतं:

पाचगणी ते पुणे: १० रुपये
पाचगणी ते मुंबई: १४ रुपये
मेटगुताड ते पुणे: १२ रुपये
मेटगुताड ते मुंबई: २० रुपये

सांगा बघू, कशा वाटाल पेट्या?

तुमच्यापैकी बहुतेकांनी मनात म्हटलं असेल, सगळ्यात स्वस्त कोणतं? पाचगणी ते पुणे. मग पुण्याच्या ५०च्या ५० पेट्या काकांनीच पाठवाव्यात! झाले ५०० रुपये. काकांच्या उरलेल्या १० पेट्या मुंबईला, त्याचे १४०. मावशींच्या सगळ्या ४० पेट्या मुंबईला, त्याचे ८००. एकूण १,४४० रुपये.

चुकलं नाही का काही? बेरीज तर बरोबर आहे. पण जरा एक पेटी हलवून बघू. काकांची एक पेटी पुण्याच्या टेंपोतून उतरवा (१० रुपये वाचले) आणि मुंबईच्या टेंपोत चढवा (१४ रुपये गेले). पुण्याला आता एक पेटी कमी पडली, ती मावशींकडून घ्या (१२ रुपये गेले). मुंबईला एक जास्त झाली, म्हणून मावशींची मुंबईची एक पेटी काढून घ्या (२० रुपये वाचले). वाचले ३०, गेले २६. म्हणजे एका पेटीमागे ४ रुपये चक्क फुकट जात होते!

मग एकच का, जेवढ्या हलवता येतील तेवढ्या हलवा. मावशींकडे मुंबईच्या ४० पेट्या होत्या, त्या सगळ्याच पुण्याकडे वळवल्या. आता मावशींच्या ४० पेट्या पुण्याला, ४८० रुपये. काकांच्या १० पुण्याला, १०० रुपये. काकांच्याच ५० मुंबईला, ७०० रुपये. एकूण १,२८०. एका दिवसात १६० रुपयांची बचत, तीही एकही किलोमीटर रस्ता न बदलता.

गंमत बघा, सगळ्यात स्वस्त रस्ता आपण जवळजवळ सोडूनच दिला, आणि तरीही एकूण खर्च कमी झाला. असं का? गल्लीतल्या क्रिकेटचं उदाहरण घ्या. समजा, टीममधला सगळ्यात चांगला बॉलर म्हणजे बंड्या, आणि विकेटकीपिंगही तोच सगळ्यात चांगली करतो. दुसरा चिंट्या. तो बॉलिंग बरी टाकतो, पण स्टंपमागे उभा केला तर प्रत्येक चेंडू थेट गटारात. शहाणा कॅप्टन काय करील? बंड्याला ग्लोव्हज देईल. बंड्या कशात चांगला आहे हे बघून भागत नाही. नको तिथे उभं केलं तर कोणाचं जास्त बिघडतं, तेही बघावं लागतं.

आपल्या हिशेबातही तेच. काकांना पुण्याऐवजी मुंबईला पाठवायला लागलं तर पेटीमागे ४ रुपये जास्त पडतात. मावशींना पुण्याऐवजी मुंबई मिळाली तर ८ रुपये. म्हणून पुण्याचा टेंपो आधी मावशींचा! १९५८ मध्ये राइनफेल्ड आणि व्होगेल या दोन अमेरिकन लेखकांच्या पुस्तकात नेमकी हीच युक्ती आली. स्वस्त काय ते नंतर बघा, आधी हुकलं तर दंड किती पडेल ते बघा. कॉलेजात आजही ती व्होगेलची रीत म्हणून शिकवतात. ती दर वेळी अचूक उत्तर देतेच असं नाही, पण बहुतेक वेळा उत्तराच्या अगदी जवळ नेऊन सोडते. पुढे एक पेटी हलवून बघायची आपली युक्ती आहेच.

आता इथे एक भांडण आहे, ते तुमच्या लक्षात आलं का? आधी काकांचं भाडं ६४० रुपये होतं. नव्या वाटणीत ते ८०० झालं! मावशींचं मात्र ८०० वरून ४८० वर आलं. काका म्हणणारच, "अहो ताई, तुमचे पैसे वाचावेत म्हणून मी का जास्त भरू?" आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नाही. गणिताच्या पुस्तकात हे भांडण बहुधा सापडत नाही, कारण तिथे सगळ्या पेट्या एकाच मालकाच्या असतात.

यावर उपाय आहे, पण त्यासाठी दोघांनी एकत्र बसायला हवं. मावशींनी वाचलेल्या ३२० रुपयांमधून काकांचं १६० रुपयांचं नुकसान भरून द्यायचं. उरले १६०, ते निम्मे निम्मे. काकांना पडले ५६०, मावशींना ७२०. बेरीज करून बघा, १,२८०च होते. आणि दोघांचेही पहिल्यापेक्षा ८० रुपये वाचले. शेतकरी एकत्र येऊन माल पाठवतात, संघ काढतात, त्याचा एक फायदा हाही. फक्त वही एकच हवी आणि ती सगळ्यांना बघता यायला हवी.

दोन शेतं आणि दोन शहरं होती म्हणून आपलं भागलं. आपल्या कोड्यात वाटणीचे ४१ प्रकारच होतात, एकेक करूनही तपासता येतात. पण शेतं वाढली, शहरं वाढली की प्रकार इतके वाढतात की मोजता मोजता सीझन संपेल! मग मोठ्या कोड्याचं काय करायचं?

१७८१ मध्ये फ्रान्सच्या गास्पार मोंज या गणितज्ञाने विचारलं होतं, की इथली माती खणून तिथे भराव घालायचा असेल तर कुठली माती कुठे टाकली म्हणजे श्रम कमीत कमी पडतील? आपलंच कोडं, फक्त स्ट्रॉबेरीच्या जागी माती. १९३० मध्ये रशियात टॉल्स्टॉय नावाच्या गृहस्थांनी (कादंबऱ्या लिहिणारे ते हे नव्हेत!) रेल्वेच्या मालाचं असं कोडं सोडवलं. माल निघायची १० ठिकाणं, पोचवायची ६८. हातात कॉम्प्युटर नाही. पुढे कॉम्प्युटरवर तपासलं तेव्हा त्यांचं उत्तर तंतोतंत बरोबर निघालं.

मग १९३९ मध्ये लेनिनग्राडचे कान्टोरोविच, १९४१ मध्ये अमेरिकेतले हिचकॉक, आणि दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टनमध्ये बसून मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांचा हिशेब करणारे कूपमान्स, असे एकाला दुसऱ्याचा पत्ता नसताना सगळे त्याच कोड्याशी झटत होते. युद्धाच्या काळात अशा हिशेबांचं एक नवं शास्त्रच तयार झालं. त्याचं नाव ऑपरेशन्स रिसर्च. १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग यांनी अशी कोडी पायरी-पायरीने सोडवायची पद्धत शोधली, ती कॉम्प्युटरलाही शिकवता आली. हे डँटझिग विद्यार्थी असताना एकदा वर्गात उशिरा पोचले. फळ्यावर दोन गणितं होती, ती गृहपाठ समजून उतरवून घेतली आणि सोडवून दिली. नंतर कळलं की ती तोवर कुणालाच न सुटलेली गणितं होती! (उशिरा येण्याचं समर्थन म्हणून ही गोष्ट सरांना सांगू नका.)

१९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कान्टोरोविच आणि कूपमान्स यांना मिळालं. डँटझिगना नाही. कूपमान्सना ते इतकं लागलं, की त्यांनी बक्षिसातले ४० हजार डॉलर डँटझिग यांच्या सन्मानार्थ एका संशोधन संस्थेला देऊन टाकले.

आता शेवटचं कोडं तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी मावशींच्या ४० ऐवजी ५० पेट्या निघाल्या. काकांच्या ६०च. पुण्याला ५०, मुंबईला ५०, मग १० पेट्या उरणार. पाठ्यपुस्तकात अशा वेळी एक खोटंच गिऱ्हाईक कल्पून उरलेला माल त्याच्या नावावर टाकतात. पाचगणीला ते कल्पावं लागत नाही. १९५९ पासून इथे फळांचे जॅम आणि सरबतं बनताहेत, उरलेली स्ट्रॉबेरी तिकडे जाते. भाव कमी मिळतो, पण आपण भाडंच मोजू. कारखान्यापर्यंत काकांना पेटीमागे १ रुपया पडतो, मावशींना ४. बाकी भाडी तीच. कोणाच्या पेट्या कुठे पाठवाल? सरळ स्वस्त-स्वस्त करत गेलात तर १,५१० रुपये होतील. उत्तर १,३१० आलं तर तुम्हाला जमलं. १,३२० आलं तर अगदी थोडक्यात हुकलं. एक पेटी हलवून बघा.