चीनची दोन चिलखती जहाजे



लढाईत जिंकते कोण, मोठी तोफ असलेला की तोफेला गोळे पुरवणारा? याचे उत्तर चीनच्या इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय आरमारांकडून पराभव पत्करल्यावर चीनने जर्मनीतील स्टेटिन येथे दोन युद्धनौका बांधून घेतल्या. त्यांची नावे ‘डिंगयुआन’ व ‘झेनयुआन’. 1885 मध्ये त्या चीनला पोहोचल्या. प्रत्येकीचे वजन 7,000 टनांहून अधिक, कडेला 14 इंचांपर्यंत जाड चिलखत आणि 12 इंची चार तोफा! त्या काळी पूर्व आशियात त्यांच्या तोडीचे जहाज नव्हते. 1886 मध्ये त्या नागासाकीला गेल्या, तेव्हा जपानलाही धास्ती वाटली.

पण पुढे काय झाले? जपानने नवी, वेगवान जहाजे व झपाट्याने मारा करणाऱ्या तोफा घेतल्या. चीनने मात्र 1888 नंतर या आरमारासाठी एकही मोठे जहाज विकत घेतले नाही. 1891 मध्ये तर परदेशी तोफा-जहाजांची खरेदीच दोन वर्षे थांबवली. आरमाराचा काही पैसा राजमाता त्सू शी यांच्या उन्हाळी राजवाड्याकडे वळवला गेला.

17 सप्टेंबर 1894 रोजी यालू नदीच्या मुखाजवळ दोन्ही आरमारे भिडली. या दोन जहाजांवर प्रत्येकी दीडशेहून अधिक गोळे आदळले, तरी जाड चिलखत भेदले गेले नाही. जहाजे मजबूतच होती. कमतरता होती ती स्फोटक गोळ्यांची! त्या दिवशी चीनने पाच जहाजे गमावली, जपानने एकही नाही. पुढे फेब्रुवारी 1895 मध्ये वेहाइवेई बंदरात ‘डिंगयुआन’ला जपानी टॉर्पेडो लागला व तिच्याच खलाशांनी ती उडवून दिली. सेनापती डिंग रुचांग यांनी आत्महत्या केली. ‘झेनयुआन’ जपानच्या हाती पडली आणि 1905 मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानी निशाणाखाली रशियाविरुद्ध लढली.

मोठी वस्तू एकदा विकत घेता येते, तिची निगा मात्र दरवर्षी राखावी लागते. आपली प्रयोगशाळाही दात्यांच्या कृपेने उभी राहिली. तिला दरसाल रसायने, दुरुस्ती आणि मुलांना सराव लागणारच. विश्वस्त व पालकांनी वार्षिक खर्चाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री!

— मुख्याध्यापक