करडईचे तेल अंगी कसे लागते?

औराद, भालकी, आळंद या भागांत पूर्वी ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी हमखास दिसत. आता तूर आणि सोयाबीन वाढले, करडई मागे पडली. तरी भाकरी, पालेभाजी आणि वर तेल घातलेली चटणी हे आपले जेवण कायम आहे. या तेलाचे पोटात पुढे काय होते?

तेलकट हात नुसत्या पाण्याने निघत नाही, राख किंवा साबण लागतो. पोटातही तीच अडचण. पाचकरस पाण्याचे, तेल त्यांत मिसळत नाही. जठरात ते फारसे पचत नाही. उलट तेलकट अन्न तिथून सावकाश पुढे सरकते. म्हणूनच तेल-चटणीची न्याहारी करून रानात गेलेल्याला भूक उशिरा लागते.

खरे काम लहान आतड्यात होते. यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयाच्या पिशवीत साठते व तेल आतड्यात उतरले की बाहेर पडते. पित्त हा पोटातला साबणच. ते तेलाचे बारीक थेंब करते, मग स्वादुपिंडाचा रस ते थेंब फोडतो आणि आतडे ते शोषून घेते. पित्तही वाया जात नाही. त्यातले सुमारे ९५ टक्के क्षार आतडे शोषून पुन्हा यकृताकडे पाठवते. एवढी काटकसर आपल्यालाही जमत नाही!

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलाच्या सोबतीनेच अंगी लागतात. पण ‘पचणार नाही’ म्हणून पुष्कळ आया लहान मुलाला बिनतेलाचा पातळ वरणभात देतात. वास्तविक आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी शक्ती स्निग्धांशातूनच येते, आणि बाळाला ते पचते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की शिजवलेल्या पाल्यात, वरणात थोडे तेल जरूर घालावे. मुलाचे पोट लहान. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तर भाताच्या पिठूळ अंशात ४. मोठ्यांनी मात्र तेल बेतानेच खावे.

डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरके असेल तर पित्त आतड्यात पोचत नाही असे समजावे. तान्ह्या बाळाची कावीळ पंधरा दिवसांनंतरही राहिली आणि शौच पांढुरके असेल, तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पित्ताची नळी बंद असल्यास शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी व्हावी लागते.