गाडी उभी, किंमत पळते!

प्लेसमेंटचं लेटर हातात पडलं की आमच्या हॉस्टेलवर पहिला विषय निघतो गाडीचा. कुठलं मॉडेल, कुठला कलर, मायलेज किती, यावर रात्रभर चर्चा. चार वर्षांनी विकायला काढली तर किती येतील, हे मात्र कोणी विचारत नाही. मित्रांनो, आपण इंजिनिअर ना? मग जरा गणित करून बघू.

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख. महाराष्ट्रात या किमतीच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ८८ हजार. वर इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशन. सेकंडहँड घेणारा हे पैसे तुम्हाला वेगळे मोजून देत नाही. शिवाय आरसीवर तो दुसरा मालक, आणि वॉरंटीही तेवढी सरलेली. म्हणून पहिला झटका सगळ्यात मोठा, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी!

याला मराठीत घसारा म्हणतात. (शब्द मला भारी आवडतो, किंमत खरंच घसरगुंडीवर बसल्यासारखी वाटते.) इन्कम टॅक्सच्या हिशोबात धंद्यासाठी घेतलेल्या कारवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे आपला ओळखीचा एक्स्पोनेन्शिअल डिके, दरवर्षी ०.८५ ने गुणायचं. ८ लाखांचे वर्षाने ६.८० लाख, मग ५.७८, ४.९१, आणि चौथ्या वर्षाअखेर ४.१८. बाजार काही फॉर्म्युला बघून चालत नाही. ज्या मॉडेलचे स्पेअर पार्ट गल्लोगल्ली मिळतात ते हळू उतरतं, आणि कंपनीने मॉडेल बंद केलं की धाडकन पडतं. कधी सरकारही धक्का देतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. नवी गाडीच स्वस्त झाल्यावर जुनीला आधीचा भाव कोण देणार?

आता खरी गोची बघा. समजा पूर्ण ८ लाखांचं लोन काढलं, ९ टक्क्यांनी, ७ वर्षांसाठी. हप्ता साधारण १२,८७० रुपये. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त, मुद्दल कमी. त्यामुळे किंमत आधी वेगाने उतरते आणि कर्ज आधी हळू. वर्षाने कर्ज उरतं ७.१४ लाख, दोन वर्षांनी ६.२०, तीन वर्षांनी ५.१७. वरच्या आकड्यांशी ताडून बघा, तिन्ही वेळा कर्जच जास्त! दोन्ही कर्व्ह एकमेकांना छेदतात ते चौथ्या वर्षात. तोपर्यंत गाडी विकली तरी बँकेला खिशातून पैसे भरायचे.

आणि चोरीला गेली तर? इन्शुरन्स कंपनी फार तर आयडीव्ही देते. ही रक्कम ठरवताना दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के कापतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हातात साधारण ६.४० लाख, आणि बँकेचे ७.१४ देणं. गाडी गेली, वर पाऊण लाखाचं देणं उरलं. यावर रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचं ॲड-ऑन मिळतं, त्यात बिलाची किंमत धरतात. प्रीमियम थोडा वाढतो, पण लोन मोठं असेल तर मी ते घेईन. नाहीतर सरळ तीन वर्षं जुनी गाडी बघेन. फक्त आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा उतरलाय का, ते पैसे देण्याआधी तपासून घ्यायचं.