उसना प्रकाश : पावसाळी बागेतील पक्षी आणि फ्लॅश

व्यापारी कुटुंबांत छंदासाठी वेळ मिळतो तो दुकान उघडण्यापूर्वी सकाळी, किंवा सुट्टीच्या दिवशी सायंकाळी. बागेतील पक्ष्यांच्याही लगबगीच्या वेळा नेमक्या याच असतात. अडचण एवढीच, की या दोन्ही वेळी प्रकाश अपुरा असतो. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले, की भर दुपारही सांजवेळेसारखी भासते. पेरूच्या दाट पानांत बसलेला दयाळ डोळ्यांना नीट दिसतो. छायाचित्रात मात्र तो काळपट, हललेला ठिपका होऊन उतरतो. अशा वेळी बोट सहजच फ्लॅशच्या बटणाकडे वळते. ते केव्हा वळावे आणि केव्हा मुळीच वळू नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम स्वतःचे भांडवल

फ्लॅश हा उसना प्रकाश आहे, आणि शहाणा व्यापारी जवळचे भांडवल मोजल्याशिवाय उसनवारी करीत नाही. कॅमेऱ्याचे भांडवल तीन ठिकाणी असते : भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ म्हणजे प्रकाशाविषयीची संवेदनशीलता. ढगाळ दिवशी झाडाच्या गर्द सावलीत छिद्र एफ ५.६ वर ठेवून आयएसओ १६०० केला, तरी शटरचा वेग अनेकदा १/१२५ सेकंदाच्या आसपासच मिळतो. स्वस्थ बसलेल्या बुलबुलासाठी तो पुरेसा आहे. क्षणभरही स्थिर न राहणाऱ्या शिंपी पक्ष्यासाठी नाही. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप आवरते, पक्ष्याची हालचाल नव्हे. आयएसओ आणखी वाढवावा, तर चित्रात रवाळपणा येतो आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. हे सर्व उपाय करूनही जी तूट राहते, तेवढीच फ्लॅशने भरून काढावी.

अंतराचा हिशेब

फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश निम्मा नव्हे, एक चतुर्थांश उरतो. म्हणूनच प्रत्येक फ्लॅशला त्याच्या शक्तीचा एक अंक दिलेला असतो. त्याला गाइड नंबर म्हणतात. या अंकाला छिद्राच्या अंकाने भागले, की आयएसओ १०० वर प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. स्वतंत्र फ्लॅशचा अंक ४० असेल आणि छिद्र एफ ५.६ असेल, तर हे अंतर सुमारे ७ मीटर येते. आयएसओ ४०० केल्यास ते दुप्पट, म्हणजे सुमारे १४ मीटर होते. कॅमेऱ्यातच बसवलेल्या लहान फ्लॅशचा अंक १२ धरला, तर हीच अंतरे २ आणि ४ मीटर भरतात. शिवाय लांब भिंगाची सावली चित्राच्या खालच्या भागात पडते, ती वेगळीच. मोबाइलचा दिवा तर दोन-तीन मीटरांपलीकडे निरुपयोगीच समजावा.

मुख्य नव्हे, पुरवणी

फ्लॅश वापरताना एका चित्रात दोन प्रकाश काम करीत असतात : आभाळाचा आणि फ्लॅशचा. आभाळाचा प्रकाश विचारात न घेता शटरचा वेग वाढवला, तर पक्षी उजळतो आणि मागची बाग काळी पडते. सकाळचे चित्र मध्यरात्रीचे वाटू लागते. म्हणून प्रथम फ्लॅश बंद ठेवून बागेचा उजेड चित्रात नीट येईल अशी मांडणी करावी. त्यानंतर फ्लॅश सुरू करून त्याचा जोर दीड ते दोन स्टॉप कमी ठेवावा. एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश, दोन स्टॉप कमी म्हणजे चतुर्थांश. एवढ्या अल्प पुरवणीनेही पक्ष्याच्या पोटाखालची सावली निवळते आणि डोळ्यात प्रकाशाचा लहानसा ठिपका उमटतो. या ठिपक्यानेच चित्रातला पक्षी सजीव वाटतो.

या पुरवणीचे मोल सूर्यपक्ष्याच्या चित्रात विशेष कळते. जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या नराची झळाळी केवळ रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. ढगाळ हवेत तो जवळजवळ काळा दिसतो. समोरून सौम्य प्रकाश पडताच निळी-जांभळी छटा खुलते. मात्र जोर वाढला, तर तीच पिसे पत्र्यासारखी चकाकू लागतात.

फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असल्यास प्रकाश पक्ष्याच्या डोळ्याच्या पडद्यावरून परतून कॅमेऱ्यात येतो आणि डोळा विचित्र चमकतो. तारेने किंवा बिनतारी जोडणीने फ्लॅश थोडा वर आणि बाजूला नेल्यास हा दोष बराच टळतो. कोकिळेचा डोळा मात्र मुळातच लाल असतो. तो दोष समजून पुसू नये. पाऊस पडत असताना जवळचे थेंब फ्लॅशने उजळून चित्रभर पांढरे ठिपके येतात. अशा वेळी सर थांबण्याची वाट पाहणे उत्तम.

क्षण गोठवणारा प्रकाश

बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटरचा वेग १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच नेता येतो. त्याहून अधिक वेगासाठी काही फ्लॅशमध्ये खास सोय असते, परंतु तिच्यात शक्ती बरीच खर्ची पडते. प्रत्यक्षात हालचाल गोठवण्याचे काम शटरपेक्षा फ्लॅशची लकाकीच करते. कमी शक्तीवर ती १/१०,००० सेकंदाहूनही अल्पकाळ टिकू शकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या अशा अतिअल्प लकाकीचे तंत्र विकसित केले आणि हमिंगबर्डचे भिरभिरणारे पंख चित्रात स्थिर करून दाखवले. आज बाजारात मिणारा साधा फ्लॅशही त्याच तत्त्वावर चालतो.

पक्ष्याच्या बाजूने

तंत्र साधले, तरी एक प्रश्न उरतोच : या प्रकाशाची किंमत पक्षी तर मोजत नाही ना? दिवसाउजेडी काही अंतरावरून पडणाऱ्या सौम्य फ्लॅशकडे बागेतले पक्षी बहुधा दुर्लक्ष करतात. माणसाच्या हालचालीने ते अधिक बिचकतात. तरीही लकाकीसरशी पक्षी दचकला, खाणे सोडून उडाला किंवा इशाऱ्याचा आवाज काढू लागला, तर फ्लॅश तत्काळ बंद करावा. त्याचे उत्तर मिळालेले असते.

रात्रीची गोष्ट निराळी आहे. पिंगळ्यासारख्या पक्ष्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि शिकार व उड्डाण दोन्ही त्यांच्यावरच अवलंबून असतात. तेथे फ्लॅश वर्ज्य मानावा. फांदीवर झोपी गेलेल्या पक्ष्यालाही तो नको.

घरट्यापाशी तर फ्लॅशच नव्हे, कॅमेराही दूर ठेवावा. शिंपी आणि बुलबुल यांची वीण पावसाळ्यातही चालू असते. वारंवारच्या व्यत्ययाने आई-बाप घरटे सोडून जाऊ शकतात आणि पानांचा आडोसा बाजूला केला, तर कावळ्यांना वाट मिळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. ज्या घरांत जीवदयेच्या भावनेने पक्ष्यांसाठी पाणी ठेवले जाते, त्या घरांनी हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंदूक हाती न घेताही त्या व्याख्येत शिरता येते.

म्हणून सराव पक्ष्यावर करू नये. ज्या फांदीवर दयाळ रोज येऊन बसतो, तिच्याशेजारी तेवढ्याच अंतरावर एखादी कुंडी ठेवून फ्लॅशचा जोर आधीच ठरवावा. पक्षी आला, की दोन-तीन चित्रांत समाधान मानावे. एखादे दिवशी चित्र साधले नाही, तरी तोटा छंदाचा असतो. पक्ष्याला त्याची तोशीस लागलेली नसते आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच फांदीवर परत येतो.