आकडा रोज कळतो, बावटा कधी लागणार?



१ ऑगस्ट २०२१ तोंडावर आला होता. एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते. जेटीवर रंगकाम चालू होतं, इंजिनं खोलून बसली होती, जाळी शिवून होत आली होती आणि बाहेरगावचे खलाशी यायला लागले होते. दुसरीकडे ९ मेपासून लागलेली संचारबंदी आठवड्या-आठवड्याने वाढतच होती. संध्याकाळी आरोग्य खात्याचं बुलेटिन मोबाईलवर फिरायचं आणि लगेच दोन तट पडायचे. "आकडा उतरला, आता सगळं खोला" म्हणणारा एक. "तिसरी लाट येणार, काही खोलू नका" म्हणणारा दुसरा. हे दोन्ही तट आपल्याच घरांत होते, कधी कधी एकाच घरात.

आम्ही आज कुणाची बाजू घ्यायला बसलेलो नाही. पण हंगाम सुरू व्हायच्या आधी हा आकडा नीट समजून घेऊया, आणि जेटीसाठी सरकारकडे काय मागायचं, आपण स्वतः काय करायचं, हे ठरवूया.

मे महिना विसरायचा नाही

पंधरा लाखांच्या आसपास वस्तीचं आपलं राज्य. ७ मे २०२१ला एका दिवसात ४,१९५ नवे रुग्ण सापडले. ११ मेला एका दिवसात ७५ माणसं गेली. त्या दिवसांत दोन चाचण्या केल्या तर जवळपास एक पॉझिटिव्ह येत होती. ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. कळंगुट, कांदोळीसारख्या गावांनी तर सरकारी संचारबंदीची वाट न बघता आपणहून बंद पाळला. त्यात १५-१६ मेला तौक्ते वादळ आलं आणि हंगामाचे शेवटचे दिवसही पाण्यात गेले. जुलै २०२१पर्यंत गोव्यात तीन हजारांहून जास्त लोक या रोगाने गेले होते. "बंद ठेवा" म्हणणारा भित्रा नाही. त्याच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी गेलेलं आहे.

आणि "खोला" म्हणणाराही बेफिकीर नाही. मार्च २०२०मध्ये सगळं एकदम बंद झालं. १० एप्रिल २०२०ला केंद्राने मासेमारीला सूट दिली, पण कागदावर सूट आली म्हणून जेटी चालू होत नाही. बर्फ कारखाना चालू पाहिजे, डिझेल पाहिजे, खलाशी पाहिजेत, गाडी सीमेपार जायला पाहिजे, घ्यायला गिऱ्हाईक पाहिजे. हॉटेलं बंद म्हटल्यावर इसवण आणि सुंगटं कोण घेणार? बँकेने हप्ते पुढे ढकलले, पण व्याज काही थांबलं नाही. मासळी विकणाऱ्या आयाबहिणींना तर हप्ता पुढे ढकलायचीही सोय नव्हती. त्यांचं रोजचं रोज असतं.

आजचा आकडा आजचा नसतो

जुलै २०२१मध्ये रोजचा आकडा शंभराच्या मागेपुढे होता. मेच्या मानाने काहीच नाही. पण हा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. आज बुलेटिनमध्ये दिसणारा माणूस आज आजारी पडलेला नसतो. लागण झाल्यावर ताप यायला साधारण पाच दिवस, कधी कधी चौदासुद्धा. मग तो एक-दोन दिवस अंगावर काढतो, मग चाचणी, मग रिपोर्ट. म्हणजे आजचा आकडा सांगतो आठ-दहा दिवसांपूर्वीची गोष्ट. मृत्यूचा आकडा त्याच्याही मागे, दोन-तीन आठवडे. किनाऱ्यावर मोठी लाट येऊन आपटते तेव्हा ती उठवणारं वारं केव्हाच लांब कुठे तरी सुटलेलं असतं. तसंच हे.

दुसरी. किती चाचण्या केल्या ते बघितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. समजा शंभर रुग्ण सापडले. चार हजार चाचण्यांत सापडले असतील तर शेकडा अडीच. दोन हजारांत सापडले असतील तर शेकडा पाच, म्हणजे दुप्पट. रविवारी चाचण्या कमी व्हायच्या, म्हणून सोमवारी आकडा पडलेला दिसायचा. त्यावरून कुणी उड्या मारू नयेत आणि मंगळवारी वाढला म्हणून घाबरूही नये. आठवड्याची सरासरी बघावी.

तिसरी. खाटा किती भरल्यात? रुग्ण शंभर असले आणि ऑक्सिजनच्या खाटा रिकाम्या असल्या तर ती एक गोष्ट. रुग्ण तेवढेच आणि खाटा भरत चालल्या तर ती वेगळी गोष्ट.

शेजाऱ्यांनी काय केलं

महाराष्ट्राने ४ जूनला आदेश काढून ७ जूनपासून पाच स्तर लावले. पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळपास सगळं मोकळं. प्रमाण वीस टक्क्यांच्या वर किंवा ऑक्सिजन खाटा ७५ टक्क्यांच्या वर, तर पाचवा स्तर, जवळपास सगळं बंद. दर गुरुवारी आकडे बघायचे आणि सोमवारपासून लागू करायचं. आपले शेजारी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी सुरुवातीला चौथ्या स्तरात होते. लोक नाराज झाले, पण आपण कुठे आहोत आणि वर यायला काय व्हायला पाहिजे हे मालवणच्या माणसाला कळत होतं. पुढे २५ जूनला डेल्टा प्लसच्या भीतीने सरकारने नियम बदलला आणि तिसऱ्या स्तराच्या वर कुणालाच सोडलं नाही. मग आकडा चांगला असलेल्या जिल्ह्यांचे व्यापारी चिडले. चिडणारच. आकडा आणला तरी दार उघडत नसेल तर आकड्यावर विश्वास कोण ठेवणार?

दुसरं उदाहरण आपल्या धंद्यातलंच. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ पुंथुरा हे मच्छीमारांचं गाव आहे. जुलै २०२०मध्ये तिथे साथ भडकली, आणि मासळी बाजारातून ती वस्तीत शिरली. घरं दाटीवाटीची. सरकारने गाव बंद केलं आणि कमांडो उभे केले. १० जुलैला लोक रस्त्यावर उतरले, कारण घरात सामान नव्हतं आणि बाहेर जाता येत नव्हतं. आरोग्य पथकाची गाडीसुद्धा अडवली. पुढच्या दोन-तीन दिवसांत बोलणी झाली, सामानाची सोय झाली, आणि त्याच गावाने आरोग्य पथकाचं फुलं देऊन स्वागत केलं. लोक तेच, रोग तोच. फरक एवढाच की चूल कशी पेटणार याचं उत्तर मिळालं.

त्याच केरळने लॉकडाऊनमध्ये बंदरांवरचा लिलावच थांबवला. भाव ठरवायचं काम बंदराच्या व्यवस्थापन समितीकडे दिलं. बोट आली, मासळी उतरली, ठरलेल्या भावाने गेली. टोपलीभोवती शंभर माणसं गोळा व्हायचं कारणच राहिलं नाही. हा नियम जेटी बघून केलेला होता. आपल्याकडे बहुतेक नियम रस्त्यावरचं दुकान डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जात होते: सकाळी इतक्या वाजता उघडा, संध्याकाळी इतक्या वाजता बंद करा. बोट भरती बघून येते. तिला घड्याळ कसं लावणार?

आम्हाला बावटा पाहिजे

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचं हे तांडेलाला कुणी सांगावं लागत नाही. बावटा उतरला की निघायचं हेही ठरलेलं. वाद होत नाही, कारण नंबराचा अर्थ वादळाच्या आधीच ठरलेला असतो, आणि तो सगळ्यांना सारखा लागू असतो.

रोजच्या आकड्याचं तसं झालेलं नव्हतं. आकडा यायचा, त्याचा अर्थ ज्याचा तो लावायचा, आणि आठवड्याच्या शेवटी आदेश काय निघेल याचा अंदाज बांधत बसावं लागायचं. ज्याने खलाशांना आगाऊ रक्कम देऊन आणलंय, डिझेल भरलंय, बर्फ सांगून ठेवलाय, त्याला आठवड्यापुरता आदेश पुरत नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. किती टक्क्यांना आणि किती खाटा भरल्यावर जेटीवर काय थांबेल, काय चालू राहील, आणि कधी परत सुरू होईल, हे १ ऑगस्टच्या आधी लिहून जाहीर करा. कडक असलं तरी चालेल. आधी कळलं पाहिजे. आणि जेटी थांबवायची वेळ आलीच तर त्या दिवसांत खलाशांचं जेवण आणि विकणाऱ्या बायांचं रोज याचं काय, तेही त्याच कागदावर लिहा.

आपल्या बाजूने काय

सरकारकडे मागताना आपलंही काही द्यायला पाहिजे. पर्ससीनवर पंचवीस-तीस माणसं एकत्र असतात. ट्रॉलरवर सहा-आठ, पण खातात-झोपतात एकाच जागी, आणि फेरी काही दिवसांची. तिथे 'दोन गज अंतर' सांगणं म्हणजे थट्टा. अंतर जमत नाही, तर दुसरं काही जमवायला पाहिजे.

१. लस. २१ जून २०२१पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळत होती. झारखंडचा, ओडिशाचा, आंध्रचा, कर्नाटकचा, कुठलाही खलाशी असो, फोटो असलेलं ओळखपत्र लागायचं, इथला रहिवासी असण्याची अट नव्हती. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. १ ऑगस्टला पहिला घेतला तर दुसरा २४ ऑक्टोबरला. म्हणजे हंगामाचे जवळपास तीन महिने माणूस एकाच डोसवर राहणार. म्हणून जितक्या लवकर पहिला, तितकं बरं.

२. यादी. बोटीवर कोण चढलं, कुठून आलं, किनाऱ्यावर कुठे राहतो, फोन नंबर काय. हे एका वहीत असलं की एक माणूस आजारी पडल्यावर अख्खी जेटी बंद करायची वेळ येत नाही.

३. ऑक्सिमीटर. प्रत्येक बोटीवर एक. आकडा ९४च्या खाली गेला तर जाळं कितीही भरलेलं असो, बोट मागे फिरवायची.

४. लिलाव. बोटींनी आळीपाळीने लागायचं, घेणाऱ्यांना टोकन. आकडा चढला तर केरळसारखा ठरलेला भाव. दलालांशी यावर आताच बोलून ठेवलेलं बरं. आकडा चढल्यावर कुणी ऐकत नाही.

५. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजारी खलाशाचा पगार कापायचा नाही. "पात्रांव, अंगात कणकण आहे" असं म्हटल्यावर पैसे जाणार असतील तर तो म्हणणारच नाही. गोळी घेऊन बोटीवर चढेल, आणि तिसऱ्या दिवशी दहा जण पडतील. एका माणसाचे दहा-चौदा दिवसांचे पैसे जास्त की पूर्ण बोट उभी राहिल्याचं नुकसान जास्त, हा हिशेब प्रत्येक बोटमालकाने घरी बसून करावा.

पाचवा मुद्दा काही मालकांना पटणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. दोन हंगाम तोट्यात गेलेत, आता आणखी हे कुठून आणायचं, असं म्हणतील. त्यांचंही ऐकून घेऊ. एकेका मालकावर भार पडू नये म्हणून प्रत्येक बोटीमागे थोडी रक्कम काढून सामाईक फंड करता येईल का, हा विषय हंगामाआधीच्या बैठकीत ठेवतो आहोत. बैठक मोकळ्या जागेत, मास्क लावून.

नारळी पुनव २०२१मध्ये २२ ऑगस्टला होती. तोपर्यंत हंगामाचे तीन आठवडे झालेले असणार होते, आणि १ ऑगस्टला आपण जेटीवर कसे वागलो ते तेव्हाच्या आकड्यात दिसणार होतं. दर्याला नारळ देताना जेटी चालू असावी आणि कुणाच्या घरी नवं दुःख नसावं, एवढीच इच्छा.

तुमचं मत खाली लिहा. बोटमालकांनी लिहा, खलाशांनी लिहा, बाजारात बसणाऱ्या आमच्या बहिणींनी तर नक्की लिहा. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं घरातल्या मुलांनी लिहून पाठवा. हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं जाईल.