डब्यावरचे २४ ग्रॅम

जिमच्या काउंटरमागे प्रोटीन पावडरचे डबे मांडलेले असतात. प्रत्येकावर एकच आकडा ठळक छापलेला: एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिनं, कुठे २५, कुठे २७. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असो की मेसवर जेवणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, पैसे तो या आकड्याचे मोजतो. किलोच्या डब्याला दोन-तीन हजार सहज जातात. मात्र हा आकडा येतो कुठून, ते कुणी विचारत नाही.

गंमत अशी की प्रथिनं बहुधा थेट मोजलीच जात नाहीत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात वेगळा काढून मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणक; दुधाच्या प्रथिनांसाठी तो ६.३८ धरतात. लग्नाच्या हॉलबाहेरच्या चपला मोजून पंगतीला पानं किती लागतील ते ठरवावं, तसा हा हिशेब. एरवी तो चुकत नाही; पण कुणी मुद्दाम जुन्या चपलांचं पोतं तिथे आणून ओतलं तर?

नेमकं तेच होतं. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो आम्ल. त्यात नायट्रोजन जवळपास १९ टक्के. पावडरीत एक ग्रॅम ग्लायसिन मिसळलं की चाचणीत ते सुमारे १.२ ग्रॅम ‘प्रथिन’ म्हणून दिसतं. व्यायाम करणारे घेतात ते क्रिएटिन तर एका ग्रॅमला दोन ग्रॅम भरतं! या लबाडीला धंद्यात अमिनो स्पायकिंग म्हणतात. तिचं सर्वांत भीषण रूप २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं पुरेशी दिसावीत म्हणून मेलामाइन हे रसायन मिसळलं गेलं. त्यात दोन तृतीयांश वजन नायट्रोजनचंच. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली आणि सहा दगावली.

आपल्याकडे २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या गटाने भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत तर छापल्याच्या निम्मीच प्रथिनं निघाली. १४ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही होतं.

समजा, डबा अस्सल आहे. मग गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतात हे खरंच, पण किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना त्याचा आणखी फायदा होत नाही, असं याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात म्हटलं आहे. पावडरी टाळाव्यात, असा तिचा सल्ला आहे. मला तो जरा सरसकट वाटतो. अशा पावडरीतली व्हे प्रथिनं, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातली प्रथिनं, उत्तम दर्जाची असतात, यात वाद नाही. पण मेसच्या पातळ वरणाने पोट भरत नाही म्हणून डबा आणणाऱ्याने सोयाबीनच्या वड्यांकडेही बघावं. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि खर्च दहा रुपयांच्या आत.

क्रिएटिनबद्दल एक वेगळीच भानगड. ताकदीच्या व्यायामात त्याचा उपयोग बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. शरीरात त्याचं क्रिएटिनिन होतं आणि मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजतात ते हेच. त्यामुळे किडनी ठणठणीत असूनही रिपोर्टमधला आकडा वर जाऊ शकतो आणि घरात रडारड सुरू होते. रक्त तपासायला जाताना आपण काय घेतो ते डॉक्टरांना सांगावं. बरीच मुलं घरच्यांच्या धाकाने नेमकं तेच लपवतात.

डबा घ्यायचाच असेल तर पुढचा मोठा आकडा सोडून मागचा अमिनो आम्लांचा तक्ता वाचावा. अस्सल व्हेच्या २४ ग्रॅम प्रथिनांत ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास असतं, ग्लायसिन जेमतेम अर्धा ग्रॅम. ग्लायसिन दोन-तीन ग्रॅम दिसलं, किंवा तक्ताच छापलेला नसला, तर डबा परत फळीवर ठेवावा.