टॉन्सिल काढले तर मुलांची ताकद कमी होते का?

बारामती-इंदापूर भागात थंडी पडली आणि कारखान्यांचे गाळप सुरू झाले की घरोघरी मुलांचे घसे धरतात. डॉक्टरांनी टॉन्सिलच्या ऑपरेशनचा विषय काढला की घरात दोन मते पडतात. अब्बू म्हणतात, एकदाचे उरकून टाकू. दादी म्हणते, अल्लाहने दिलेला अवयव का काढायचा? पोराची ताकद जाईल. दादीची शंका आपण हसण्यावारी नेऊ नये.

घशातले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड हे रोगजंतूंना दारातच ओळखणारे पहारेकरी आहेत. लहान वयात, साधारण सातव्या वर्षापर्यंत, त्यांचे काम जास्त असते. पुढे ते आपोआप आकसत जातात. मानेतल्या गाठी, प्लीहा आणि हाडांतील मगजही हेच काम करतात. म्हणून ऑपरेशननंतर रक्तातील काही प्रतिपिंडे थोडी घटली, तरी मूल लगेच दुबळे होते असे आढळत नाही.

दूरच्या परिणामांबाबत मात्र सावध राहायला हवे. डेन्मार्कमध्ये 1979 ते 1999 या काळात जन्मलेल्या सुमारे 12 लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वयाच्या नवव्या वर्षाआधी हे अवयव काढलेल्यांत पुढे श्वसनाचे आजार जास्त दिसले, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. ते ऑपरेशनमुळेच झाले हे त्यातून सिद्ध होत नाही. पण विनाकारण ऑपरेशन नको, एवढे आपण त्यातून घ्यावे.

मग कारण कोणते? वर्षात 7 वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी 5 वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी 3 वेळा घसा जोराने सुजून ताप आला, तर ऑपरेशनचा विचार होतो. म्हणून प्रत्येक वेळची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गोळ्यांचा कोर्सही अर्धवट सोडू नका; काही जंतूंमुळे पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

दुसरे कारण झोपेचे. मूल रोज घोरते, मध्येच श्वास थांबतो, तोंड उघडे ठेवून झोपते, शाळेत-मकतबमध्ये पेंगते, कमी ऐकते? अशा वेळी ताकद जाईल या भीतीने थांबणेच महागात पडते. वाढ खुंटते, अभ्यास मागे पडतो, हृदयावर ताण येतो.

इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कान-नाक-घसा विभागात सल्ला घ्यावा. घोरण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. ऑपरेशन झालेच तर भरपूर पाणी आणि मऊ जेवण द्या. पहिले दोन आठवडे लक्ष ठेवा. तोंडातून ताजे रक्त आले तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.

दुआ करावी आणि इलाजही करावा, हीच आपल्याला शिकवण आहे. दादीचा सवाल आणि अब्बूंची घाई, दोन्ही डॉक्टरांपुढे मांडा आणि कॅलेंडर सोबत न्या.